चौदा नंबरच्या वर्गाबाहेरच्या चपला

विक्रोळी
रविवार, ४ ऑगस्ट १९८५

ती. राधाआत्यास,

गुरुवारी मी वर्गाच्या दाराशी चपला का काढल्या, हे मला सांगता येत नाही. आणि नेमकं तेच मला सतरा तारखेच्या आत कॉलेजला लेखी सांगायचं आहे. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसते आणि 'सविनय सादर'च्या पुढे सरकत नाही. म्हणून आज दुसरा कागद घेतला आणि तुला लिहायला बसले. अठरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि लिहिली ती अशी.

आमच्या घरच्या पत्रांवर 'जय भीम' असतं. तुझ्या पत्रावर लिहावं की नाही ते कळेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

तुझा पुतण्या धोंडिराम मागच्या महिन्यात आमच्याकडे येऊन गेला. जाताना जिन्यात थांबला आणि हळूच म्हणाला, "आत्यानं इचारलंय, दादूची पोरगी कालेजात शिकवती म्हंजे काय शिकवती? पण दादूला कळू देऊ नको म्हणली." तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि पत्रं दशरथ गुरुजी वाचून दाखवतात, हेही त्यानंच सांगितलं. गुरुजी, नमस्कार. जरा मोठ्यानं वाचा, आणि मधलं काही गाळू नका.

तर मी काय शिकवते. मुलुंडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. सकाळी सात वीसला तास. तिसऱ्या वर्षाला एक पेपर आहे, धर्माचं तत्त्वज्ञान. माणसं देव का मानतात, का सोडतात, हात जोडतात तेव्हा नेमकं काय करतात, असे प्रश्न. आठ वर्षं हा पेपर कोणी शिकवला नव्हता. मी मागून घेतला. अकरा मुलं आली. दुसऱ्या पेपरांना साठ-साठ असतात, पण माझी अकराच्या अकरा रोज वेळेवर हजर असतात. तास संपल्यावर भांडत भांडत जिना उतरतात. मला ते ऐकायला इतकं आवडतं की मी उगीच वर फळा पुसत थांबते.

आता कायदा सांगते. ज्या कॉलेजाला सरकार पैसे देतं, तिथं कोणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध धर्माचे धडे द्यायचे नाहीत, पूजेला बसवायचं नाही. घटनेत तसं कलम आहे. आत्या, मला हा कायदा आवडतो. ज्या पुस्तकामुळे दादूची पोरगी खुर्चीवर बसून शिकवते, त्याच पुस्तकातला तो आहे. पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं. गेल्या वर्षीच्या हिंदू-मुसलमान दंगलीनंतर हा फरक बघायला कोणाला सवड नाही. जूनमध्ये वरून परिपत्रक आलं, की तासाच्या वेळी 'उपासनेचे स्वरूप असलेली' कुठलीही गोष्ट आढळली तर अनुदानाचा फेरविचार होईल. आमचे प्राचार्य सामंत सर यांनी तो कागद मला देताना म्हटलं, "मीराबाई, तुमचा पेपर म्हणजे स्टोव्हजवळ ठेवलेली काडेपेटी. जपून."

मी जपतच होते. पण नुसतं पुस्तकातून किती सांगायचं? मी मुलांना म्हटलं, घरात धर्मासाठी वापरतात अशी एक वस्तू आणा. ती खरी की खोटी ते ठरवायचं नाही. कोण हात लावतं, कोण लावत नाही, कधी धुतात, कुठं ठेवतात, एवढंच सांगायचं. भांडुपच्या एका मुलीनं आईची जपमाळ आणली. एकानं कुराण उघडून ठेवायची लाकडी घडीची बैठक आणली. आपल्या विक्रोळीच्या कुंदानं वंदनेला नेसायची पांढरी साडी आणली. नंदूनं कारखान्यातला पाना आणला, दसऱ्याला त्याची पूजा होते म्हणून.

आणि वनमालेनं टाक आणला.

टाक म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पण गुरुजी, आत्याच्या शेजारी कोणी बसलं असेल तर सांगा: बोटभर लांबीचा चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेली कुलदेवी. वनमाला नाहूरला राहते. मूळची राजापूरकडची. वडील मिलमध्ये होते, संपानंतर आता एका सोसायटीत वॉचमन आहेत. टाक घराबाहेर न्यायला तिची आई तयारच नव्हती. शेवटी अटी घातल्या. आंघोळ करून ने, लाल फडक्यात ने, पाटावर ठेव, आणि चपला घातलेल्या माणसाजवळ नेऊ नकोस.

वनमाला दाराशी आली. एका हातात फडकं, बगलेत पाट. तिनं पायानंच चपला काढल्या आणि उंबरठ्यात उभी राहिली. तिनं कोणाला काही म्हटलं नाही. फक्त आमच्या सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं.

मी हजेरी घेत दारापाशीच उभी होते. मी बाहेर गेले, चपला काढून ठेवल्या आणि आत आले. मग कुंदा उठली, मग जपमाळवाली, मग सगळे. नंदू म्हणाला, "मॅडम, माझे बूट कोरे आहेत. बाहेर ठेवले तर वाट लागेल." तो बूट काढून, दप्तरात घालून बसला. इतके हसलो आम्ही. म्हणून बाहेर चपलांचे अकरा जोड होते, दहा मुलांचे आणि एक माझा.

त्याच दिवशी अनुदानाच्या तपासणीला तीन साहेब आले. चौदा नंबरच्या वर्गाचं दार बंद, कारण शेजारी सुतारकाम चाललं होतं. बाहेर चपलांची रांग. आत टेबलावर पाट, पाटावर टाक. देवळाबाहेर असतात तशा चपला सरकारी पैशाच्या वर्गाबाहेर बघितल्यावर त्यांनी काय लिहिलं असेल, ते तूच ओळख.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. 'पादत्राणे काढण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.' उत्तर समाधानकारक नसेल तर हा पेपर याच सत्रात बंद होईल, मुलांना दुसऱ्या पेपरात घालतील, आणि माझी नोकरी जी या वर्षी कायम व्हायची होती ती होणार नाही.

अण्णांना, म्हणजे तुझ्या दादूला, यातलं काही सांगितलेलं नाही. तुला पत्र लिहिते हेही नाही. उत्तर पाठवलंस तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव.

त्या मे महिन्यात तुझ्या घरी जे झालं त्याबद्दल मी आज लिहीत नाही. इतकंच, की मेमोचं उत्तर लिहायला बसलं की मला तुझं स्वयंपाकघर दिसतं.

तुझी भाची,
मीरा

विक्रोळी
सोमवार, १२ ऑगस्ट १९८५

ती. राधाआत्यास,
जय भीम.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. गुरुजींचं अक्षर सुरेख आहे, पण बोलणं सगळं तुझंच. "मोकळी जागा कशापायी सोडलीस? जय भीम लिही की. मी काय परकी हाय? जयंतीला मी निळं लुगडं नेसून पुढं असती, इचार कुणालाबी." हे मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि एकटीच हसत बसले. आणि खाली, कडेला, बारीक अक्षरात: "त्या पोरीचा टाक नीट घरी पोचला का?"

पोचला, आत्या. इथं सगळ्यांनी चपलांचं विचारलं, टाकाचं विचारणारी तू एकटीच.

आता मागच्या वेळी टाळलेलं लिहिते. गुरुजी, तुम्हाला हे माहीत नसेल तर आत्याला आधी विचारा, वाचू का म्हणून.

मी सात वर्षांची होते. आपल्या सगळ्या वस्तीनं देव नदीत सोडले त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. अण्णांना वाटत होतं की तूही सोडलेस. तुझ्या सासरी आम्ही पहिल्यांदाच राहायला आलो, आणि पाणी घ्यायला मी आत गेले तेव्हा फळीवर मला चांदीचं काहीतरी चमकताना दिसलं. बाहेर येऊन मीच अण्णांना सांगितलं, "आत्याकडे देव आहे." हे तुला माहीत होतं का? मला नेहमी वाटत आलं की तुला माहीत आहे.

अण्णा उठले. ओट्यावर काढून ठेवलेल्या चपला त्यांनी मुद्दाम पुन्हा पायात घातल्या. मला म्हणाले, "तूपण घाल." मी घातल्या. आम्ही दोघं तुझ्या सारवलेल्या जमिनीवरून चुलीपुढून फळीपर्यंत गेलो. "काढ हे," ते म्हणाले. तू म्हणालीस, "आईनं दिलेलं हाय." तेवढंच. आणि तू अण्णांच्या पायांकडे पाहिलं नाहीस, माझ्या पायांकडे पाहिलंस. लाल पट्ट्याच्या सँडल होत्या. दुपारच्या एस.टी.नं आम्ही परत निघालो.

अण्णा चुकले असं मी म्हणत नाही. त्या देवांपायी त्यांच्या बापाला देवळाच्या पायरीवरसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं. त्यांनी देव सोडले म्हणून मी शिकले. मीही देव मानत नाही. वनमालेच्या टाकासमोर मी हात जोडले नाहीत. पण चपला काढल्या. हे दोन्ही खरं आहे, आणि मेमोच्या कागदावर दोन्ही बसत नाही.

इथं सगळे मला मदत करायला टपले आहेत. आमच्याकडे वर्ग झाडायला शांताबाई आहेत, मालवणकडच्या. त्या मला जिन्याखाली घेऊन गेल्या.

"मॅडम, तुम्ही लिवा, लादी ओली होती. मी सांगतंय ना, मीच पुसलंय. कोणाक कळतला?"

"पण तुम्ही पुसली नव्हती, शांताबाई."

"रोज पुसतंय. एक दिवस सोडलंय म्हणान काय झाला?" मग जवळ येऊन म्हणाल्या, "आणि एक सांगू? त्या जाड्या साहेबानंपण दाराशी चपला काढल्यान. रांग बघितल्यान नि सवयीन काढल्यान. मगे आठवण झाली तशी परत घातल्यान. मी झाडू घेऊन थयच होतंय."

आत्या, मला इतका आनंद झाला की त्यांना मिठी मारायचीच काय ती बाकी राहिली. हे लिहिलं तर मेमो देणाऱ्यांचीच पंचाईत होईल. रात्रभर, छे, दिवसभर मी ते वाक्य मनात घोळवत होते. मग वाटलं, त्या बिचाऱ्यानं त्या क्षणी काय वाईट केलं? जे मी केलं तेच केलं. मी त्याला पकडून देऊ आणि स्वतः सुटू, हे बरं नाही. ते वाक्य मी सोडून दिलं. अजून थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

सामंत सरांनीही बोलावलं होतं. चहा मागवला. ते वाईट नाहीत. चाळीस जणांचा पगार त्या अनुदानावर आहे आणि त्यांना झोप येत नाही.

"मीराबाई, लादी ओली होती असं एका ओळीत लिहा. मी शेरा मारतो, फाइल बंद. तुमचा पेपर राहील, तुम्ही राहाल, मीपण राहीन."

"सर, आणि लादी ओली नव्हती तर?"

"तर त्या मुलीचं नाव लिहा. विद्यार्थिनीनं परवानगी न घेता वस्तू आणली, शिक्षिकेला कल्पना नव्हती."

"वस्तू मीच आणायला सांगितल्या होत्या."

"अहो, सगळं खरं लिहायचं म्हणजे काय ऑलिंपिक आहे का?" ते म्हणाले आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली. मी दोन घेतली. भूक लागली होती.

वनमाला त्या दिवसापासून वर्गात मागच्या बाकावर बसते. परवा मला म्हणाली, "मॅडम, माझंच नाव घाला ना. आई पण म्हणाली, आपल्यामुळे बाईंची नोकरी नको जायला." मी म्हटलं, "पुढच्या बाकावर ये गं. मागून तुझं बोलणं ऐकू येत नाही." ती आली. नंदू म्हणाला, "झकास! आता हिच्यामागे लपता येईल."

पाच दिवस उरले आहेत. कागदावर अजून 'सविनय सादर' एवढंच आहे.

तुझी,
मीरा

विक्रोळी
शनिवार, १७ ऑगस्ट १९८५

ती. राधाआत्यास,
जय भीम.

गुरुजी, हे पत्र बसून वाचा. लांब आहे, पण आजचं शेवटचं पान वाचल्याशिवाय उठू नका.

पंधरा ऑगस्टला अण्णांना सुट्टी होती. ते सकाळी दाराशी चपलेचा अंगठा शिवत बसले होते. मी मेमो त्यांच्या मांडीवर ठेवला. अण्णा अक्षर लावून लावून वाचतात. 'पादत्राणे' वाचायला त्यांना वेळ लागला.

"म्हणजे चपला?"

"हो."

"कुणापुढं काढल्यास?"

मी टाकाचं सांगितलं. त्यांनी दाभण खाली ठेवलं.

"माझी पोरगी देवापुढं चपला काढती?"

"देवापुढं नाही, अण्णा. वनमालेपुढं."

"ती कोण?"

"माझ्या वर्गात आहे. नाहूरची. आईला शब्द देऊन आली होती, आणि दारात उभी राहून आमचे पाय बघत होती. तिला आत कसं घेणार होते मी?"

 बाहेर झेंडावंदनाचं रेकॉर्ड लागलं होतं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "राधीनंपण तुझ्याच पायांकडं बघितलं हुतं."

आत्या, अठरा वर्षांनी आमच्या घरात तुझं नाव निघालं. मला वाटायचं ते फक्त मलाच दिसलं होतं.

मग मी सगळं सांगून टाकलं. पत्रं लिहिली ते, तुझं कार्ड आलं ते, आणि देव आहे असं त्या दिवशी मीच सांगितलं याचं ओझं वाटतं ते. अण्णा चिडले. पण कशावर, ऐक. "पोस्टात पैसे घालवत बसलीस, मला सांगितलं असतं तर धोंड्याबरोबर निरोप धाडला असता!" म्हणजे धोंडिराम दोन्हीकडचे निरोप नेतो आणि दोघांनाही सांगतो की दुसऱ्याला कळू देऊ नको म्हणून! तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे हे अण्णांना माझ्याआधी माहीत होतं. त्याला एकदा दोघांनी मिळून धरा.

दुपारी मी उत्तर लिहायला बसले. तेरा दिवस अडलेला कागद तासाभरात भरला. संध्याकाळी अण्णांना वाचून दाखवला. त्यात मी लिहिलं होतं की वर्गात पूजा झाली नाही, कोणी हात जोडले नाहीत, कोणाला चपला काढायला सांगितलं नाही. वस्तू आणायला मीच सांगितलं होतं आणि विद्यार्थिनीचा काही दोष नाही. एका विद्यार्थिनीसाठी जे पवित्र आहे ते ती विश्वासानं वर्गात घेऊन आली, त्या विश्वासाला मान देणं म्हणजे धर्माचा धडा देणं नव्हे. आणि त्याखाली एक वाक्य होतं: 'सातव्या वर्षी मी एका घरात चपला घालून देवाच्या फळीपर्यंत गेले होते, ती चूक मला वर्गात पुन्हा करायची नव्हती.'

अण्णा म्हणाले, "परत वाच."

मी वाचलं.

"तुझी चूक कशी? सात वर्षांची पोर. मी सांगितलं हुतं घाल म्हणून. तसं लिही."

"अण्णा, हे सरकारी ऑफिसात जाईल."

"जाऊ दे. देव मी आजबी मानत नाही, तेपण लिही पाहिजे तर. पण घर तिचं हुतं." आणि दाभण उचलून पुन्हा अंगठा शिवायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "राधीला कळव, दिवाळीनंतर ऑपरेशनला मी येतो. तिला म्हणावं, शूरवीर होऊन एकटीनं जाऊ नको."

तो निरोप मी पोचवला. गुरुजी, हा भाग दोनदा वाचा.

आज सकाळी तास झाल्यावर टाइप केलेलं उत्तर घेऊन सामंत सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मधे एकदा "बरं लिहिलंय" असं पुटपुटलेही. मग त्या वाक्याशी थांबले. 'सातव्या वर्षी वडिलांच्या सांगण्यावरून मी एका घरात...' त्यांनी पेन्सिल उचलली आणि वाक्याभोवती गोल काढला.

"हे काय? हा निबंध आहे का?"

"प्रयोजन विचारलंय, सर. हेच प्रयोजन आहे."

"बाकीचं मी सांभाळून घेईन. कायद्याचं बोलणं आहे, त्यांनाही उत्तर द्यावं लागेल. पण हे वाचून कोणी म्हणेल, बाईंच्या मनात आधीपासून काहीतरी होतं. यावरून तुमचा पेपर जाईल, मीराबाई. एवढं काढा आणि पुन्हा टाइप करून आणा. साडेअकरापर्यंत खिडकी उघडी आहे."

ते खरंच काळजीनं बोलत होते. मी कागद घेऊन बाहेर आले आणि चौदा नंबरच्या वर्गात जाऊन बसले. वर्ग रिकामा होता. वाक्य काढलं तर उत्तर खोटं होत नव्हतं, हे मला दिसत होतं. अकरा मुलांचा पेपर टिकण्याची शक्यता वाढत होती, हेही. फक्त मग चपला का काढल्या याचं उत्तर त्या कागदावर कुठंच राहत नव्हतं, आणि पुढच्या वेळी वर्गात एखाद्या मुलानं 'मॅडम, खरं सांगा' म्हटलं असतं तर मी कुठं बघितलं असतं?

नंदू रबर विसरून गेला होता, दुसऱ्या बाकावर. मी ते घेऊन सरांच्या खोलीत परत गेले. त्यांच्या टेबलावर कागद ठेवला, त्यांच्यासमोर तो पेन्सिलीचा गोल पुसला, भुगा हातानं झाडला आणि खाली सही केली.  मग सरांनी स्वतःच शाईची पेटी उघडली आणि कागदावर 'अग्रेषित', म्हणजे पुढे पाठवलं, असा शिक्का मारला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी कागद आवक खिडकीत दिला. पोच घेतली आहे.

तुझी,
मीरा